नागोरावांचं न सुटलेलं साल

मी कंपनी सेक्रेटरी आहे. यवतमाळात हे कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या साहेबांच्या?" कंपनी सेक्रेटरी म्हणजे साहेबांची पत्रं टाइप करणारी बाई नव्हे, कंपनी कायद्याचं काम बघणारी व्यक्ती, हे मी पहिली दहा वर्षं समजावून सांगितलं. पुढची अकरा वर्षं सोडून दिलं. दत्त चौकाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. जिना अरुंद आणि उभा. वर आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं लागतं, मग काम विचारायचं.

लोक कंपनी काढायला येतात तेव्हा पेढे घेऊन येतात. नाव ठरलेलं, बोधचिन्ह ठरलेलं, दोघं-तिघं मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. मी विचारते, "उद्या तुमचं पटलं नाही तर?" तर माझ्याकडे असे बघतात, जणू मी लग्नाच्या मांडवात काडीमोडाचा विषय काढला. कंपनी बंद करायला मात्र पेढे सोडा, माणूससुद्धा येत नाही. ती तशीच टाकून देतात आणि आपल्या कामाला लागतात. चार-पाच वर्षांनी घाम पुसत हाच जिना चढतात. मी पाणी देते. माझा निम्मा धंदा त्या टाकून दिलेल्या कंपन्यांवर चालतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला आता कंटाळा आला आहे.

नागोराव दर वेळी पेढ्यांशिवाय आणि घामाशिवाय आले. पहिल्या वेळी मी त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ते नंतर सांगते.

दुसऱ्यांदा आले ते गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे २०२५ साली, मुलीला घेऊन. पासष्टीच्या आसपासचे, उंच, थोडे वाकलेले, डोक्यावर टोपी. राळेगावच्या पुढच्या एका खेड्यातले. मुलगी सुरभी, तिशीच्या आतली, बी.एस्सी. झालेली. लग्न चार वर्षं टिकलं, मग ती माहेरी परतली. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तिनं अळिंबी लावायला सुरुवात केली. अळिंबी म्हणजे मशरूम, आणि आमच्याकडे सगळे मशरूमच म्हणतात. ती सोयाबीनच्या कुटारावर येते. सोयाबीन काढल्यावर जो भुसा उरतो ते कुटार, आणि ते आमच्या जिल्ह्यात कोणी मागेल तितकं मिळतं. यवतमाळची तीन हॉटेलं आणि दोन मेस तिच्याकडून माल घेत होत्या. वाळवून पावडरही करायची.

"मशरूम माझे," ती मला म्हणाली, "पण कुटार बाबाचं."

याचा अर्थ मला पुढं कळला. कुटार वाफवल्यावर त्यात ओल किती राहिली यावर सगळं पीक ठरतं. जास्त राहिली तर बुरशी येते, कमी राहिली तर काहीच येत नाही. सुरभीनं ओल मोजायचं यंत्र आणलं होतं. नागोराव मूठभर कुटार घेऊन दाबायचे, तळव्याकडे बघायचे आणि सांगायचे, "अजून जरासं वाळू दे." यंत्र दहातून दोनदा चुकायचं. तळवा चुकायचा नाही. पऱ्हाटी, कुटार, कडबा यांत चाळीस वर्षं गेलेला हात होता तो.

एका कॉलेजच्या उद्योजकता केंद्रानं सुरभीची निवड केली होती. शेड मोठी करायला मदत, वाळवणीचं यंत्र, वर्षभर मार्गदर्शन. अट एकच: मार्च संपायच्या आत कंपनीच्या नोंदणीचा दाखला पाहिजे. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर लागतात. एक सुरभी, दुसरे नागोराव. तिनं सगळी कागदपत्रं फाइलमध्ये क्रमानं लावून आणली होती. इतकी नीट फाइल पाहून मला बरं वाटलं. असं बरं हल्ली क्वचित वाटतं.

मी नागोरावांचा पॅन नंबर टाकून पाहिला. त्यावर आधीच एक डायरेक्टर क्रमांक निघाला. आणि त्या क्रमांकापुढं शेरा होता.

"काका, तुम्ही आधी कुठे डायरेक्टर होता का?"

"होतो ना," ते सहज म्हणाले. "दोन सालं होतो. रजतबापूच्या कंपनीत. मंग पाडव्याले सोडून देल्लं."

मी कंपनीचं नाव वाचलं. मग नोंदणी करून देणाऱ्याचं नाव वाचलं. ते माझंच होतं.

आता त्यांच्याबद्दल सांगायला हवं. नागोराव वयाच्या सोळाव्या वर्षापासून सालदार. आमच्याकडे शेतावरचा गडी गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ठरतो. त्याला साल लागणं म्हणतात. वर्षाचं धान्य, कपड्याचे दोन जोड, चपला, घोंगडी, सगळं तोंडी ठरतं, आणि त्या बोलीवर माणूस वर्षभर दुसऱ्याच्या शेतात आपलं समजून राबतो. पुढच्या पाडव्याला साल आपोआप सुटतं. पुन्हा ठरलं तर ठरलं. नाही ठरलं तर गडी बैल हाकायची तुतारी आणि गोठ्याची किल्ली मालकाच्या ओसरीवर ठेवतो, मालकीण नारळ आणि टॉवेल देते, जेवायला वाढते, आणि दोघंही मोकळे. कागद नाही, सही नाही, कोर्ट नाही. मी इतकी वर्षं करारनामे लिहिते आहे. इतका स्वच्छ शेवट असलेला एकही मी लिहिलेला नाही.

वामनराव पाटलांकडे नागोराव सलग बावीस सालं राहिले. वामनरावांचा मुलगा रजत नागोरावांच्या खांद्यावर बसून शाळेत गेला. तो इंजिनिअर झाला आणि २०१७ साली पुण्याहून परत आला, डोक्यात एक चांगली कल्पना घेऊन. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उरते. लोक ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून देतात. रजत म्हणाला, तिचा भुगा करून, दाबून, कांड्या पाडू आणि वीटभट्ट्यांना सरपण म्हणून देऊ. त्यालाही दुसरा डायरेक्टर हवा होता. वामनराव म्हणाले, नागोला घे, तो घरचाच आहे.

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले. रजत माझ्यासमोर खुर्चीवर, नागोराव दाराशी स्टुलावर. मी रजतला दहा मिनिटं समजावलं: डायरेक्टर म्हणजे काय, दरवर्षी कोणती विवरणपत्रं भरायची, तीन वर्षं भरली नाहीत तर काय होतं. निम्मं इंग्रजीत. नागोरावांनी दारातून विचारलं, "मॅडम, याच्यात माह्यं काय काम?"

मी संगणकावरून मान न काढता म्हणाले, "काही नाही काका, नुसती सही आहे."

हे वाक्य मी किती जणांना म्हटलं असेल, मला आठवत नाही. नागोरावांना म्हटलेलं त्या दिवशी आठवलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. सरकारकडून येणाऱ्या सूचनांसाठी त्यांच्या नावापुढं जो ईमेल दिला तोही रजतचाच दिला होता. तेव्हा सगळे तसंच करायचे. मीही करायची.

"पाडव्याला सोडलं म्हणजे काय केलं, काका?" मी विचारलं. विचारायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं.

"जसं सोडतेत तसं सोडलं," नागोराव म्हणाले. "दोन सालं झाली. मशीन बंद पडून राह्यलं होतं, बापू पुन्यात नोकरीले चाल्ले होते. म्या मशीन पुसलं, शेड झाडली, किल्ली वामनरावच्या ओसरीवर ठेवली. अन् तो सहीचा पेनड्राइव्ह होता ना, थोबी ठेवला."

डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह त्यांनी दोन वर्षं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला होता, हे मला सुरभीनं सांगितलं. रजतनं कितीदा मागितला तरी ते द्यायचे नाहीत. माही सही हाय, तुमच्या खिशात कायले ठेवू, म्हणायचे. माझ्याकडे येणाऱ्या शंभर शिकलेल्या डायरेक्टरांतले नव्वद ती सही माझ्याच ड्रॉवरमध्ये टाकून जातात. या माणसाला ती कशी सांभाळायची ते न शिकवता कळलं होतं. फक्त सोडताना त्यांनी ती किल्लीबरोबर ओसरीवर ठेवली, कारण साल सुटलं की मालकाची वस्तू मालकाला द्यायची असते.

"मालकीन इंदूबाईनं नारळ देल्ला, टॉवेल-टोपी देल्ली, पुरनपोळी वाढली. बापूबी जेवाले होते. म्या म्हन्लं, बापू, येतो मंग. थे म्हन्ले, या काका. झालं."

"काका, कायद्यात तसं सुटत नाही."

"मंग कसं सुटते?"

"लेखी राजीनामा द्यावा लागतो. तारीख घालून. कंपनीला दिल्याची पोच घ्यायची, आणि सरकारकडे नोंद करायची. तोंडी सोडलेलं सोडलेलं धरत नाहीत."

"म्हंजे म्या अजून त्या कंपनीत हाय?"

"हो."

त्यांनी बोटांवर मोजलं. "सहा सालं झाली." मग त्यांनी विचारलं, "त्या सहा सालाचं काम कोनं केलं?"

"कोणीच नाही. म्हणूनच तर."

विवरणपत्रं भरलीच गेली नव्हती. मी रजतला ईमेल पाठवत होते, दर वर्षी, मग दर दोन वर्षांनी, मग थकून बंद केले. तीन वर्षं सलग भरलं नाही की त्या कंपनीतले सगळे डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. दुसऱ्या कुठल्याही कंपनीत त्यांना डायरेक्टर होता येत नाही. नागोरावांची पाच वर्षं पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास संपणार होती. सुरभीकडे मार्चअखेरपर्यंतचा वेळ होता.

नागोराव स्क्रीनकडे बघत होते. "माह्या नावापुढं काय लिहलं हाय?"

सुरभीनं ते वाचलं होतं.

"अपात्र," मी म्हणाले.

"कामाले?"

"डायरेक्टर व्हायला, काका. फक्त तेवढ्यापुरतं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मॅडम, म्या चाळीस सालं केली लोकाइच्या घरी. एक साल अर्धं सोडलं नाही. बाप मेला तवाबी तेराव्यानंतर वखर धरला. अन् सरकारात माह्यं असं नाव हाय?"

नागपूरला उच्च न्यायालयात जाता येतं, जातात लोक, पण निकाल मार्चअखेर लागत नसतो आणि तिथंही पहिला प्रश्न राजीनामा कुठाय हाच असतो. मी हे सांगितलं. सुरभीनं फाइल बंद केली. मी तिला म्हटलं, दुसरा डायरेक्टर शोध. तिचा एक चुलता तयार होता.

"तो तयार आहे, हेच मला नको," ती म्हणाली. "सही झाली की दुसऱ्या दिवशी शेडमध्ये खुर्ची टाकून बसंल. मॅडम, एक माणूस मी कागदावर घेऊन पाह्यला. लग्नाच्या. बाहेर पडाले तीन वर्षं लागली."

ते दोघं जिना उतरून गेले. नागोराव उतरताना भिंतीला हात लावत गेले, चढताना त्यांनी लावला नव्हता.

मी रजतला फोन लावला. मला वाटलं होतं मी त्याच्यावर चांगली बरसेन. पहिलं वाक्य बोललेही तसं. पण त्याचं उत्तर ऐकून माझा राग अर्ध्यात ओसरला. तो म्हणाला, "मॅडम, काकांचं नाव त्यात अजून आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं." तो खोटं बोलत नव्हता. कंपनी बुडाली याची त्याला इतकी शरम वाटली होती की त्यानं तिच्याकडे वळूनच पाहिलं नाही. माझे ईमेल न उघडता पडले होते. त्याचंही नाव अपात्रांच्या यादीत होतं, तेही त्याला माझ्याकडून कळलं.

पुढच्या शनिवारी तो पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आला. नागोराव आणि सुरभीही आले. रजत जाड झाला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो नागोरावांच्या पायाशी वाकला तर त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "बापू, जेवले का?" इतकंच विचारलं.

मग रजतनं उपाय सांगितला. तो त्यानं वाटेत ठरवून आणला होता. दोन ओळींचा राजीनामा करायचा, नागोरावांच्या नावानं, तारीख ६ एप्रिल २०१९, त्या वर्षीचा पाडवा. त्याखाली रजत लिहून देणार, त्याच दिवशी मिळाला. म्हणजे पुढच्या चुका नागोरावांच्या नाहीतच, असं कागदावर येईल. मग तो कागद घेऊन नागपूरला जाता येईल, निकाल लागेपर्यंत अपात्रतेवर स्थगिती मागता येईल.

"काका खरंच त्या दिवशी गेले होते," रजत म्हणाला. "मी जेवायला होतो. आपण काही नवीन रचत नाही."

मी टाइप केलं. उगाच सोवळं कशाला मिरवू, केलंच. मी मागच्या तारखेचे कागद करत नाही, एकवीस वर्षांत केले नाहीत, आणि त्या दिवशी माझी बोटं बिनबोभाट चालली. कायद्याला जे कळत नव्हतं ते खरं होतं, आणि मी थकले होते. मला वाटलं, एकदा तरी खऱ्याला कागद मिळू दे.

प्रिंट काढून नागोरावांपुढं ठेवली. पेन दिलं.

"वाचून दाखवा," ते म्हणाले.

मी वाचून दाखवलं. त्यांनी बोट तारखेवर ठेवलं.

"हे कवाची?"

"त्या पाडव्याची, काका. तुम्ही सोडलं त्या दिवसाची."

"त्या दिवशी म्या कागद देल्ला नाही."

रजत म्हणाला, "काका, पण सोडलं तर होतं ना? ते तर खरं आहे."

"सोडलं थे खरं," नागोराव म्हणाले. "कागद देल्ला थे खोटं." पेन त्यांनी टोपण लावून माझ्याकडे सरकवलं. "बापू, तवा म्या न वाचता सही केली, थे माही चुकी. आता वाचून खोटी करू का?"

सुरभी खिडकीबाहेर बघत होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. तिच्या हातून तिची कंपनी जात होती आणि बाप खरं-खोटं करत बसला होता. कोणीही चिडलं असतं. ती चिडली नाही. ती म्हणाली, "मॅडम, फाडून टाका ते."

मी फाडलं. आणि मला एकदम हलकं वाटलं.

"आजच्या तारखेचा करा," नागोराव म्हणाले. "आता सोडतो. रीतसर."

मी नवा राजीनामा टाइप केला, यंदाची, त्या शनिवारची तारीख घालून. त्यांना सांगितलं की यानं मागचं पुसलं जाणार नाही, अपात्रता आहे तशीच राहील, फक्त इथून पुढं त्या कंपनीशी तुमचा संबंध नाही. त्यांनी मान हलवली. सही केली. रजतनं पोच लिहून दिली. राहिलेली सगळी विवरणपत्रं भरून कंपनी कायदेशीर बंद करायचं त्यानं कबूल केलं, आणि यावेळी मी त्याचं तसं लेखी घेतलं. मग तो खाली गेला. मला वाटलं चहा सांगायला गेला. तो आला तो चौकातून नारळ घेऊन. नागोरावांच्या हातात दिला. मी कागद लावत बसले.

रजत गेल्यावर मी सुरभीला म्हटलं, "एकटीची कंपनी काढ."

एका माणसाची कंपनी कायद्यात चालते. एकच मालक, तोच डायरेक्टर. खरं तर मी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण दोघांचा फॉर्म हातात घेऊन बसलेल्या माणसाला एकाचा सुचत नाही, माझ्यासारखीलासुद्धा.

"अन् बाबा?"

"बाबा कुटार दाबतील. त्याला कायद्याची हरकत नाही."

"नाही," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "आयुष्यभर त्यांनी तेच केलं. दुसऱ्याच्या शेतात. माझ्याकडंबी गडीच का? बाबाचं नाव पाह्यजे मले त्या कागदावर. नाही त राहू द्या कंपनी."

"वेडी झाली का तू?" नागोराव म्हणाले. "मशीन येऊन राह्यलं, शेड होऊन राह्यली, अन् माह्या नावासाठी सोडतं? मी लागतो ना तुह्याकडं साल. यंदाच्या पाडव्यापासून. टॉवेल-टोपी दे म्हंजे झालं."

ते थट्टेनं म्हणाले, पण सुरभीचे डोळे भरून आले. आणि मी कधी नव्हे ते कायद्याचं पुस्तक काढलं. पाठ असलेलं कलम पुन्हा वाचलं. मग सुरभीला सांगितलं की एका माणसाच्या कंपनीत दुसरं एक नाव लागतंच, लागल्याशिवाय नोंदणीच होत नाही. ते कंपनीच्या मुख्य कागदात, मेमोरँडममध्ये छापलं जातं. ते डायरेक्टरचं नाव नाही, म्हणून अपात्रता आड येत नाही. ते नॉमिनीचं नाव.

"बाबाचं चालते?"

"चालतं."

ती हसली, माझ्यासमोर पहिल्यांदा. नागोराव मात्र हसले नाहीत.

"नॉमिनी म्हंजे एलआयसीत असते तसं?"

"तसंच थोडंसं."

"एलआयसीत बापाची नॉमिनी लेकरू असते, मॅडम. हे उलटं काहून?"

इतकी वर्षं मी हा फॉर्म भरते आहे. नवरा बायकोचं नाव देतो, भाऊ भावाचं, आणि सगळे माझ्या बोटाखाली सही करून मोकळे होतात. कोणी विचारलं नव्हतं. या वेळी मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि फॉर्म ओळीन् ओळ मराठीत वाचून दाखवला. नावाची ओळ, पत्त्याची ओळ. मग ती ओळ आली. कंपनीच्या मालकाचा मृत्यू झाल्यास मी तिच्या जागी कंपनीचा मालक होण्यास संमती देतो.

नागोरावांनी फॉर्मवरून मान वर केली.

"लेकीच्या मरनावर बापानं सही कराची?" ते हळू म्हणाले.

"बाबा, कागद हाय तो," सुरभी म्हणाली. "कागदानं कोनी मरत नाही."

"मले माहीत हाय कागदानं काय होते."

मी म्हणाले, "काका, नको असेल तर नका करू. दुसरं नाव टाकू." मी मनापासून म्हणाले. नुसती सही आहे, असं मला पुन्हा म्हणायचं नव्हतं.

ते पुन्हा त्या ओळीकडे वळले. चौथी शिकलेले, इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी मी दाखवलेल्या जागेवर त्यांचं बोट होतं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आठ वर्षांपूर्वी विचारायला हवा होता, आणि ज्याचं उत्तर मी तेव्हा द्यायला हवं होतं.

"याच्यातून सुटाचं असलं त?"

"याच्यातून कधीही सुटता येतं," मी म्हणाले. "दोन ओळींची चिठ्ठी द्यायची, की माझी संमती मी मागे घेतो. पाडव्याचीसुद्धा वाट बघायला नको. सुरभी दुसरं नाव शोधेल."

"पक्कं?"

"पक्कं. नियमात लिहिलंय. दाखवू?"

"नको." त्यांनी टोपी नीट केली. "मंग तुमच्या साऱ्या कायद्यात सोडाले सोपा असा हाच कागद निंघाला."

"हो, काका."

"अन् याच्यातूनच मले सुटाचं नाही." त्यांनी पेन मागितलं. टोपण काढलं आणि थांबले. "मॅडम, एक लिहाल का याच्यात? का हे काम माह्यावर येऊ नये. म्या आधी जावं."

तसं लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सही केली, सावकाश, बापाच्या नावासकट पूर्ण नाव लिहून.